पप्पांबद्दल लिहायला बसशील तेव्हा

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

स्मरणसभेच्या पुस्तिकेसाठी तू पाठवलेलं पान वाचलं. ‘निष्ठावंत सेवक, थोर देवभक्त, प्रेमळ पिता.’ रागावू नकोस, पण ही विशेषणं कुठल्याही पाळकाच्या फोटोखाली खपतील. त्यात तुझे पप्पा कुठेच दिसत नाहीत.

त्यांचे रविवारचे उपदेश मंडळीला आठवतात, ते मंडळी सांगेल. तू आठवड्यातले बाकीचे दिवस लिही. कदंबाची बस पकडून ते बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जायचे ते लिही. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळहून पेशंट घेऊन माणसं यायची. पेशंट आत, आणि बरोबरची माणसं बाहेर चटई टाकून बसलेली. केसपेपर कुठल्या खिडकीवर, रक्ताची सोय कुठे, स्वस्तात जेवण कुठे, हे पप्पांना पाठ होतं. कागदाच्या चिठोऱ्यावर बाण काढून द्यायचे. ‘प्रार्थना करू का?’ असं आधी विचारायचे. समोरचा नको म्हणाला तर चहा आणून द्यायचे आणि तिथंच बसून राहायचे. माझ्या मते त्यांची खरी सेवा ती होती. तिच्याबद्दल ते व्यासपीठावरून कधी बोलले नाहीत.

दुसरं, मराठी ख्रिस्ती म्हणून गोव्यात राहणं. इथं ख्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोकणी मीस, कॅथलिकांची चर्चमधली उपासना, येते. मराठी बायबल काखेत असलेल्या माणसाला ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हे ऐकावंच लागतं. संतांकडे मागणं मागणं पप्पांना पटत नसे, आणि ते तसं स्पष्ट सांगत. तरी वाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रूसापुढे, लदीन ही कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना असली की शेवटच्या रांगेत उभे असायचे. नंतर उकडलेले चणे घ्यायचे, फेणीचा ग्लास हसून परत करायचे. गणेशचवथीला हिंदू शेजाऱ्यांकडे बसून नेवऱ्या खायचे. त्यावरून मंडळीत बरीच कुरबूर झाली होती, तीही गाळू नकोस.

फादर स्टीफन्स यांचा विषय निघाला की मात्र त्यांना थांबवणं कठीण. इंग्लंडातून आलेल्या त्या जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ मध्ये इथल्याच राचोलला ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर हाती लागलेली नाही! भाविकांनी हाताने नकला उतरून घेतल्या, म्हणून ते टिकलं. १९०७ ची मंगळूरची आवृत्ती निघाली ती अशाच हस्तलिखितांवरून.

तेव्हा पुस्तिकेच्या आधी पप्पांच्या वह्या बघ. गोव्याचा पावसाळा कागदाचा वैरी आहे. जून लागायच्या आत सगळ्या वह्या आणि ते जुनं बायबल बाहेर काढ, सावलीत उलगडून वारा लागू दे. कडक उन्हात नको, पानं तडकतात. मग दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, एकेका पानाचा फोटो घे आणि निदान दोन घरांत ठेव. वह्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नकोस, दमट हवा आत कोंडते आणि बुरशी धरते.

बायबलच्या समासात तारखा आणि आद्याक्षरं दिसतील. स्तोत्र १२१ च्या शेजारी तर जागाच उरलेली नाही. कुणासाठी कधी प्रार्थना केली, याची ती नोंद आहे. आईजवळ बसून अक्षरं उलगड, पण छापू नकोस. कुणाचं दारू सोडणं, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न, असलं सगळं त्यात आहे, आणि ती माणसं अजून त्याच बाकांवर बसतात.

आईचं नाव निघालंच आहे तर सांगतो. तिचा शाळेतला पगार नसता तर महिनाअखेर तुमची चूल पेटली नसती. मंडळीचं मानधन किती असायचं, हे मला ठाऊक आहे. पप्पा रात्री उशिरा यायचे आणि ती ताट झाकून जागी असायची. तिच्यावर वेगळं पान दे. ‘सहधर्मचारिणी’ एवढ्या एका शब्दात तिची बोळवण केलीस तर मी पुस्तिका हातात धरणार नाही.

तुझा स्वतःचा विश्वास आज कुठे आहे, हे मी विचारत नाही. तू उपासनेला येत नाहीस हे सगळ्यांना दिसतं, पप्पांनाही दिसत होतं. म्हणून लिहिताना उसनी भक्ती आणू नकोस. ‘मी पाहिलं ते असं’ एवढ्या अधिकाराने लिही, तेवढा तुला पुरेपूर आहे.

आणि एक. पप्पांबरोबर सुरुवातीपासून पेटी वाजवणारे म्हातारबाबा आता कुडाळला लेकीकडे असतात. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा सकाळच्या गाडीने जा. दुपारी जेवून झोपले की संध्याकाळपर्यंत उठत नाहीत.

तुझा,
काका