मांजाचा गुंता आणि पिठाचा डबा

"मॅडम, ह्याचं कशात लक्षच लागत नाही. कायमचं बिघडलंय का हो?"

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी माझ्यासमोर येतो. या वेळी विचारणारी आई इंदिरानगरची. शेजारी नववीतला मुलगा आणि पलीकडच्या खुर्चीत आजोबा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

अशा वेळी मी आधी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, चौकशी करते. त्याची लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसायला लागतात, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात आणि सहा महिन्यांहून जास्त टिकतात. ह्याच्याबद्दल सातवीपर्यंत शाळेची एकही तक्रार नव्हती. शाळा मोबाइलवर भरायची तेव्हा हा चौथीत. त्याच वर्षी, जुलै 2020 मध्ये, भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले. मोबाइल हातात आला तो शाळेसाठी, राहिला मात्र रील्ससाठी.

"कशातच तासभर रमत नाही का?" मी विचारलं.

"छे!" आई म्हणाली.

"संक्रांतीला मांजाचा गुंता सोडवत बसला होता की," आजोबा मान वर न करता म्हणाले. "आसारी, म्हणजे फिरकी, मांडीवर घेऊन. जेवायलासुद्धा उठला नाही."

आजोबांच्या मोबाइलचा आवाज बंद होता, अंगठा चालू होता. त्यांना विचारलं, वाचता की नाही? सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद निघाले. पूर्वी आठवड्याला एक कादंबरी व्हायची. आताचं पुस्तक दोनदा मुदत वाढवून घरीच पडलंय. "डोळ्यांमुळे," म्हणाले.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना बाबा मागच्या वर्षी?" सूनबाईंनी विचारलं. पोरगा पहिल्यांदा हसला.

मग मी मोर्चा आईकडे वळवला. ग्लोरिया मार्क या अमेरिकी संशोधक कामाच्या ठिकाणी माणसं एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात हे मोजत आल्या आहेत. 2004 मध्ये सरासरी अडीच मिनिटं भरली होती, अलीकडे जेमतेम 47 सेकंद. ही सगळी मोठी माणसं, पोरंसोरं नव्हेत. (माणसाचं लक्ष सोनमाशापेक्षाही कमी झालंय, हा फॉरवर्ड मात्र निराधार आहे. मला तो पालकांकडूनच येतो.)

गुंता सोडवणाऱ्या मुलाचं लक्ष शाबूत आहे. आटलाय तो धीर. पुढचा रील मजेशीर निघेल की भिकार, हे माहीत नसतं, म्हणून अंगठा थांबत नाही. भूगोलाचं पान पहिल्या दहा सेकंदांत काहीच देत नाही. तेवढं थांबायची सवय मोडली की पुस्तक उघडताक्षणी कंटाळा येतो. आजोबांचंही तेच झालेलं, फक्त त्यांची परीक्षा नसते.

मोबाइल हिसकावू नका, एवढं बजावलं. आठ ते नऊ तिघांचेही फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. मुलाने सुरुवातीला पंधराच मिनिटं अभ्यासाला बसायचं, आजोबांनी पुस्तक घ्यायचं. खळखळ केली ती आईने: सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, माहेरचा ग्रुप.

तीन आठवड्यांनी तिचाच फोन आला. मुलगा पंचवीस मिनिटांवर आलाय, आजोबांनी पुस्तक वाचून परत केलंय.

"आणि तुम्ही?"

"काल दोनदा पीठ काढायच्या निमित्ताने जाऊन आले," ती म्हणाली. "पोळ्या सकाळीच झाल्या होत्या."