पाच तारांच्या बँजोवर ब्लूज गाता येतं का?

तुम्ही विचारलंय की पाच तारांचा बँजो घेतलाय, ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी) गायचंय, पण सगळे म्हणतात त्याला गिटारच पाहिजे, तर बँजो विकून टाकू का. विकू नका!

मी पहिल्यांदा दुकानात बँजो मागितला तेव्हा मालकांनी गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो, म्हणजे बुलबुल तरंग, पुढे ठेवला होता. हा तो नव्हे. तुमच्या बँजोची मुळं पश्चिम आफ्रिकेत आहेत. तिथून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या लोकांनी तो भोपळ्यावर कातडं ताणून तिकडे घडवला. १९२७ मध्ये अमेरिकन बँजोवादक गस कॅननने बँजोवर स्लाइड, म्हणजे तारांवर सरकवायची नळी किंवा सुरी, घासत ब्लूज रेकॉर्ड केला. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या डॉक बॉग्जनेही रेकॉर्डिंग केलं. कृष्णवर्णीय गायिकांच्या रेकॉर्डी ऐकून त्याने त्यातली काही गाणी बँजोवर बसवली होती. दोघांनाही ऐका.

अडचण एकच आहे. बँजोचा सूर छेडला की लगेच विरतो, गिटारसारखा रेंगाळत नाही. मी सहा महिने तो लांबवायच्या नादात फुकट घालवले. लांब सूर गळ्याने धरायचा, बँजोने मध्येच उत्तर द्यायचं. ब्लूजची घडणही तशीच आहे: चार-चार मात्रांचे बारा खंड, प्रत्येक ओळीला चार. ओळ साधारण अर्ध्यात गाऊन होते, उरलेली जागा वाद्याची. तिथे गाऊ नका, मोह झाला तरी.

जी ट्यूनिंगमध्ये, म्हणजे तारा जी-डी-जी-बी-डी अशा लावल्या की, सा म्हणजे जी. तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, कोमल गंधार, आणि शेजारची दुसरी तार मोकळी छेडलीत की शुद्ध गंधार. ब्लूजचा गंधार या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणून तिसऱ्या फ्रेटवर तार किंचित ओढायची. आपल्या कानाला हे चटकन कळतं, मींडेची सवय असते ना. पहिल्या तारेचा तिसरा फ्रेट कोमल निषाद. एवढ्या मसाल्यावर महिना निघतो.

अंगठ्याखालची आखूड पाचवी तार तानपुऱ्यासारखी सतत सा देत राहते. जी आणि सी कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर) ती छान बसते, डी सेव्हनवर मात्र खटकते. तेवढ्या खंडात अंगठा आवरायचा.

आणि जी पट्टी गळ्याला खाली पडत असेल तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. पण कॅपो पाचव्या तारेला धरत नाही, ती वेगळी दोन अर्धस्वर चढवावी लागते. हळूहळू चढवा आणि तोंड जरा लांब ठेवा. माझी रात्री साडेअकराला तुटली, सपकन गालावर आली.