पळसपापडीने जंत पडतात का, हे तपासायचं कसं?

जनावरांचे जंत, गोचीड आणि त्यांवरचे झाडपाल्याचे उपाय यांबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यांतले निवडक घेतले आहेत.

माझ्याकडे तीस शेळ्या आहेत. दसऱ्याच्या सुमारास त्या खंगल्या होत्या, केस राठ झाले होते, लेंड्या पातळ पडत होत्या. गावातल्या जाणत्यांच्या सांगण्यावरून पळसपापडी (पळसाच्या बिया) आणि वावडिंग कुटून गुळातून दिलं. दिवाळीनंतर शेळ्या तरतरीत झाल्या. औषध लागू पडलं म्हणायचं ना? (शेळीपालक, माण तालुका)

शेळ्या सुधारल्या हे खरं. औषधामुळे सुधारल्या का, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. शेळ्यामेंढ्यांचं रक्त पिणारा मुख्य जंत म्हणजे हिमोंकस. तो चौथ्या पोटात राहतो आणि त्याची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतल्या अंड्यातून निघालेली अळी गवतावर चढते. तिला ऊब लागते आणि ओलही लागते. तुमच्याकडे मुख्य पाऊस सप्टेंबरचा, म्हणजे दसऱ्याला जंतांचा भार ऐन भरात असतो. पुढे कुरण सुकतं, नव्या अळ्या पोटात जाणं कमी होतं, बाजरी निघाल्यावर शेतं चराईला मोकळी होतात आणि शेळ्यांना दोन घास जास्त मिळतात. औषध न देताही दिवाळीनंतर बऱ्याच शेळ्या सावरतात.

म्हणून विचारायचं ते असं, की औषध न दिलेल्या शेळ्यांच्या तुलनेत या किती सुधारल्या? पुढच्या पावसाळ्यात पशुवैद्यकांना सोबत घेऊन हे करता येईल. दहा-दहा शेळ्यांचे तीन गट पाडा, पण तगड्या एकीकडे आणि अशक्त दुसरीकडे असं होऊ देऊ नका. एका गटाला तुमचं औषध, दुसऱ्याला पशुवैद्यकांनी सांगितलेलं जंतनाशक आणि तिसऱ्याला काहीच नाही. तिन्ही गट एकाच रानात चरू द्या. डोस नजरेने ठरवू नका, प्रत्येक शेळी वजनकाट्यावर घ्या.

लेंड्या जमिनीवरून उचलायच्या नाहीत, हातमोजा घालून थेट गुदद्वारातून काढायच्या. शेळीचा बिल्ला क्रमांक पिशवीवर लिहा आणि त्याच दिवशी त्या थंड डब्यातून प्रयोगशाळेत पोचवा, कारण उबेत ठेवल्या तर अंडी फुटू लागतात आणि मोजणी चुकते. प्रयोगशाळेत २ ग्रॅम लेंडी २८ मिलिलिटर मिठाच्या संपृक्त द्रावणात घोटून गाळतात. मॅकमास्टर नावाच्या रेघा आखलेल्या काचेच्या दोन कप्प्यांत ते भरलं की अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांत दिसलेल्या अंड्यांना ५० ने गुणलं की एक ग्रॅम लेंडीतली संख्या मिळते. औषधाच्या दिवशी एकदा आणि चौदाव्या दिवशी पुन्हा मोजायचं.

समजा सुरुवातीला सगळ्या गटांची सरासरी १२०० होती. चौदाव्या दिवशी तुमच्या औषधाच्या गटात ५०० आली. १२०० वरून ५०० म्हणजे निम्म्याहून जास्त घट, वाटेल जिंकलं. पण काहीच न दिलेल्या गटातही ती ६०० वर उतरली असेल, तर तुमच्या औषधाच्या वाट्याला जेमतेम १७ टक्के येतात. जंतनाशक चांगलं चालतंय असं म्हणायला या चाचणीत साधारण ९५ टक्के घट अपेक्षित असते.

एक गोष्ट मात्र चाचणीपेक्षा मोठी. खालची पापणी दर दोन-तीन दिवसांनी उलटून पाहा. ती पांढरी पडली किंवा जबड्याखाली पाणी साठून सूज आली, तर ती शेळी कुठल्याही गटातली असो, तिला त्याच दिवशी खात्रीचं औषध द्या आणि चाचणीतून काढा. आकडेवारीसाठी शेळी मरू देणं मला मान्य नाही.

पळसपापडीचं प्रमाणही वाढवत नेऊ नका. त्या बियांतला पॅलासोनिन हा घटक रचनेने कँथॅरिडिनचा जवळचा नातलग आहे, आणि बाजरीवर येणाऱ्या हिंगे या भुंगेऱ्यांच्या अंगातलं फोड आणणारं विष म्हणजे हेच कँथॅरिडिन. पळसाच्या बीचा जंतांवर परिणाम होतो यात नवल नाही. जंत मरेल पण शेळीला इजा होणार नाही अशी मात्रा कोणती, ते शोधणं हेच खरं काम आहे.

एम. फार्म.च्या प्रकल्पात मी एका वनस्पतीचा अर्क गांडुळांवर तपासला. पायपेराझीन या जंतनाशकाने मरतात त्यापेक्षा गांडुळं लवकर मेली. हा अर्क जंतनाशक आहे असं लिहू का? (विद्यार्थिनी, पुणे)

लिहू नका. आपल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत गांडुळाची चाचणी फार चालते, कारण गांडूळ सहज आणि फुकट मिळतं. पण ते परजीवी नाही, जंतांच्या कुळातलंही नाही. ते ओल्या कातडीने श्वास घेतं. कातडीला झोंबणारं काहीही, अगदी मीठसुद्धा, त्याला मारतं. हिमोंकसच्या अंगावर कठीण आवरण असतं आणि तो पोटातल्या आम्लात मजेत जगतो.

त्याऐवजी बाधित शेळीच्या लेंडीतून अंडी वेगळी काढा, अर्काच्या वेगवेगळ्या तीव्रतांत ठेवा आणि ४८ तासांनी किती अंड्यांतून अळ्या बाहेर आल्या ते मोजा. तुलनेला थायाबेंडाझोल हे जंतनाशक घ्या. कत्तलखान्यातून मिळालेल्या चौथ्या पोटातले जिवंत जंत शरीराइतक्या उबेच्या सलाइनमध्ये ठेवून त्यांची हालचालही पाहता येते. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाला विचारा. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला, नागपूर इथे ही महाविद्यालये आहेत.

मग एक साधा हिशोब मांडा. काचेच्या बशीत तुमचा अर्क मिलिलिटरला १० मिलिग्रॅम या तीव्रतेला चालला. शेळीच्या कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, १० लिटर ऐवज धरा. तिथे तीच तीव्रता आणायची तर १०० ग्रॅम अर्क पाजावा लागेल. वाळलेल्या पाल्याचा दहावा हिस्सा अर्क निघतो असं धरलं, तर एका शेळीमागे एक किलो पाला. शिवाय कोठीपोटातले सूक्ष्मजीव त्या अर्कातलं काय फोडून टाकतील ते वेगळंच. हा हिशोब प्रबंधात छापा. शेळीवरच्या प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची परवानगी मात्र घ्यावी लागेल.

दर वेळी आणलेली वावडिंग वेगळी दिसते. फरक पडतो का? आणि काढा चांगला की चूर्ण? (पशुपालक, संगमनेर)

पडतो, आणि बराच. आयुर्वेदातलं विडंग, म्हणजे आपली वावडिंग, ही एम्बेलिया राइब्स. बाजारात त्याच नावाने एम्बेलियाच्या दुसऱ्या जातीची किंवा मिर्सिन आफ्रिकानाची फळंही विकली जातात. यातला महत्त्वाचा घटक एम्बेलिन. तो नारिंगी असतो आणि अमोनियाशी जांभळट रंग देतो, त्यामुळे तो आहे की नाही हे प्रयोगशाळेत चटकन कळतं. ज्या औषधाची चाचणी करायची त्याचा थोडा नमुना फांदी-पानांसह वनस्पतीशास्त्राच्या जाणकाराकडून ओळखून घ्या आणि जपून ठेवा. नाहीतर उद्या निकाल चांगला आला तरी तो कशाचा होता, हे सांगता येणार नाही.

काढा की चूर्ण, याला सरसकट उत्तर नाही. चीनमध्ये तू यूयू यांना हिवतापावरच्या वनस्पतीच्या अर्कातून खात्रीचा गुण मिळत नव्हता. जुन्या चिनी ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नाही. ते वाचून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध मिळालं. त्यासाठी त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं, ते आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक शोधणाऱ्या कॅम्बेल आणि ओमुरा यांच्याबरोबर विभागून. तेव्हा जुन्या माणसाने उकळू नको म्हटलं असेल, तर ते शब्द तसेच पाळून तपासा.

गाईला सीताफळाच्या बिया वाटून लावल्या की दुसऱ्या दिवशी फुगलेले गोचीड गळून पडतात. तंबाखूचं पाणीही लावतात. चालेल का? (दूध उत्पादक, सोलापूर जिल्हा)

फुगलेली गोचिडाची मादी पोटभर रक्त पिऊन झाली की आपणहून गळते, गोठ्याच्या फटीत जाते आणि दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून किती गळले ते मोजून काही कळत नाही. गळलेल्या माद्या बाटलीत ठेवा, तोंडाला फडकं बांधा आणि औषध न लावलेल्या गाईच्या माद्या दुसऱ्या बाटलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत कुठे अंडी पडतात आणि कुठे नाही, ते दिसेल. झाल्यावर दोन्ही बाटल्या उकळत्या पाण्यात टाका.

सीताफळाच्या बीत कीटकांना मारणारे घटक खरोखर आहेत, पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, गाईच्याही आणि तुमच्याही. तंबाखूचं पाणी लावूच नका. निकोटिन कातडीतून आत जातं आणि वासरू दगावू शकतं. घाणेरीचा पालाही लोक वाटून लावतात. तो गाईने चाटला तर यकृताला बाधतो.

झाडपाल्याचं औषध दिल्यावर दूध घरात वापरावं का?

ज्या औषधाचा अंश दुधात किती दिवस येतो हे तपासलेलं नाही, ते दुभत्या जनावराला देऊ नये. भाकड जनावरावर आधी पाहा.

आमच्या वस्तीतले आजोबा जंतांवर एक मुळी देतात. तपासायला दिली तर एखादी कंपनी पेटंट घेईल, अशी त्यांना भीती आहे. (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

भीती खरी आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे पुढे ठेवले म्हणून. आजोबांचं ज्ञान कुठेच लिहिलेलं नसेल, तर असा पुरावा आणायचा कुठून? जैवविविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्यात नोंद करायला सांगा, पण आजोबांच्या संमतीने आणि त्यांच्या नावानिशी. कृती किती उघड करायची, ते त्यांनाच ठरवू द्या. गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान अशा ज्ञानाची नोंद घेतं आणि तपासणीलाही मदत करतं. कोणाही संशोधकाला मुळी देण्याआधी लेखी करार करा: आजोबांचं नाव कुठे येईल, फायदा झाला तर वाटा किती, आणि चाचणीत मुळी निकामी ठरली तरी निकाल त्यांना मराठीत कळवला जाईल का.