नोटेशनचा फोटो तिला कसा वाचता येणार?

सांगलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी दहावीत, तिला जन्मापासून दिसत नाही. दोन वर्षं ती ऑनलाइन गाणं शिकतेय. सर वहीतल्या नोटेशनचे, म्हणजे लिहून काढलेल्या स्वरांचे, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, आई रात्री ते वाचून दाखवते. "एवीतेवी दिसत नाही, तर गाण्यातच करिअर करू दे का?" असं त्या विचारतात.

ताई, ते 'एवीतेवी' आधी सोडा. दिसत नाही म्हणून गळा आपोआप सुरेल होत नाही. थोर गायक विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली, पण त्यांचं गाणं घडलं ते तुमच्या शेजारच्या मिरजेत, गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षं घासून. मुलीला गाणं हवंय का, हे तिलाच विचारा. तुमच्या पत्रात तिचं एकही वाक्य नाही!

हवं असेल, तर अडचण नोटेशनची आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र-तार सप्तकांना टिंबं. फोटोतलं तर सोडाच, टाइप केलं तरी या खुणा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) बहुधा गाळतो. म्हणून सरांना सांगा, शब्दांतच लिहा: 'कोमल ग', 'मंद्र नी', एका ओळीत तालाचं एक आवर्तन, त्यातली 'सम' आणि 'खाली' या मात्रा कुठे तेही अक्षरांत. मग फोनमधला टॉकबॅक किंवा कॉम्प्युटरवरचं मोफत एनव्हीडीए, हे स्क्रीन रीडर, तिला ते हवं तितक्या वेळा वाचून दाखवेल. पेटी शिकवतानाही 'हे बघ, इथून' न म्हणता 'काळी चार' म्हणायला हवं. आणि झूमवर 'ओरिजिनल साउंड' चालू ठेवा, नाहीतर तानपुऱ्याला गोंगाट समजून झूम तो दाबून टाकतं. (हे डोळस विद्यार्थ्यांनाही कुणी सांगत नाही.)

क्लासची लिंक तिची तिलाच उघडू द्या. पुढे तिने ऑनलाइन शिकवण्या घेतल्या, तर हेच रोज करावं लागेल. ध्वनिमुद्रणाची आवड असेल तर रीपर हे सॉफ्टवेअर, ओसारा ही मोफत जोड घेऊन, स्क्रीन रीडरवर चालतं.

गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षेचा फॉर्म भरण्याआधी लेखनिकाचं (ती सांगेल ते उत्तर लिहिणाऱ्याचं) परीक्षा केंद्राशी बोलून घ्या. अपंगत्वाचं प्रमाणपत्रही आताच काढा. २०१६च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. संगीतात बी.ए. करायचं ठरलं तर ते प्रमाणपत्र लागेलच.