ल्युमिनॉल चमकत नाही? आधी खोली तपासा

मॅडम, तुम्ही विचारलंय की खानापूरकडच्या मराठी हायस्कुलात विज्ञान दिनाला ल्युमिनॉल (अंधारात निळा प्रकाश देणारं रसायन) दाखवायचंय, पण तालमीत ते चमकलंच नाही, मग चुकलं कुठे? माझी पहिली शंका रसायनावर नाही, खोलीवर आहे.

आपल्याकडच्या जुन्या शाळांवर मंगलोरी कौलं. खिडक्या लावल्या तरी फटींतून उजेड गळतो, आणि मधे एखादं काचेचं कौल असलं तर विचारूच नका. वर्ग सोडा, सामानाची खोली घ्या, झरोक्याला काळं प्लास्टिक ठोका. पोरांना आत बसवून दार लावलं की पाच-सात मिनिटं नुसतं बोला. उन्हातून आलेले डोळे सरावायला तेवढा वेळ लागतोच. मोबाईल बाहेर. एकानं स्क्रीन पेटवली की पुन्हा पहिल्यापासून.

बोलायला विषय आहेच. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ला आपला शोध लावला, म्हणून त्या दिवशी विज्ञान दिन, आणि ल्युमिनॉलच्या निळ्या प्रकाशावरचं आल्ब्रेख्ट या रसायनशास्त्रज्ञाचं काम त्याच वर्षी छापून आलं. योगायोगच, पण पोरं लक्षात ठेवतात.

आता द्रावण. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये (बॅटरीवाल्याकडे मिळतं) सोडियम कार्बोनेट २ ग्रॅम, खाण्याचा सोडा १२ ग्रॅम, अमोनियम कार्बोनेट पाव ग्रॅम, ल्युमिनॉल ०.१ ग्रॅम, आणि शेवटी मोरचूद ०.२ ग्रॅम. ल्युमिनॉल साध्या पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून सोडे आधी. शाळेच्या तराजूवर ०.१ ग्रॅम कळणारच नाही. बटर पेपरच्या पुडीत घालून ओळखीच्या सराफाच्या काट्यावर तोलून आणा.

दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड. इथे बरेच जण गोंधळतात. कृतींमध्ये ३ टक्क्यांचं लिहिलेलं असतं, पण मेडिकलमध्ये बहुतेकदा '२० व्हॉल्यूम'ची बाटली देतात, ती साधारण ६ टक्के. म्हणजे २५ मिलीऐवजी साडेबारा मिली घ्या आणि पाणी घालून अर्धा लिटर करा. उघडून वर्ष झालेली बाटली नको. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर थेंब टाका. फेस आला नाही तर पेरॉक्साइड मेलंय, नवीन आणा. ३० टक्क्यांचं कुणी फुकट दिलं तरी वर्गात आणू नका, कातडी भाजते.

दोन्ही भसकन एकत्र ओतलंत तर क्षणभर उजळून खेळ खलास. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तो पारदर्शक पाईप घ्या, काठीला नागमोडी गुंडाळा, वर नरसाळं, खाली बादली. दोन विद्यार्थ्यांनी दोन्हीकडून बारीक धार धरायची. निळा प्रकाश वेटोळ्यांतून उतरताना सगळ्यांना दिसतो, मागच्या बाकालासुद्धा. ओतणाऱ्यांना गॉगल हवाच.

टीव्हीवरच्या पोलिसी मालिका बघून कुणीतरी रक्ताचं विचारणारच. सांगा, रक्तातलं लोह तिथे जे काम करतं तेच इथे मोरचुदातलं तांबं करतं: क्रियेचा वेग वाढवतं. पेरॉक्साइडमुळे ल्युमिनॉलचं ऑक्सिडीकरण होतं, नायट्रोजन सुटतो, आणि उरलेला रेणू जादा ऊर्जा उष्णतेऐवजी प्रकाशाच्या रूपात टाकतो. म्हणून पाईपला हात लावू द्या, गरम लागत नाही. मॅग्नेशियमची फीत जाळणं हा प्रकाशाचा प्रयोग म्हणून दाखवतात, ते मला पटत नाही. तिथे जळण आणि तापणं आलं.

एक धोका नीट लक्षात ठेवा. इंटरनेटवर ब्लीच वापरून ल्युमिनॉल चमकवायची कृतीही सापडेल. ती या कृतीत मिसळू नका. अमोनियम कार्बोनेट आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी वायू होतो, आणि तुमची खोली तर बंद.

ल्युमिनॉल वेळेत आलं नाही तर जत्रेत मिळणाऱ्या चमकत्या कांड्या घ्या. बटण असलं तर ती बॅटरीची, नको; वाकवून 'कट्' आवाज येतो ती हवी. एक बर्फाच्या पाण्यात, एक कोमट पाण्यात ठेवा. गार पाण्यातली मंद पडते पण जास्त वेळ टिकते, कोमटातली भडक होते आणि लवकर विझते. क्रियेचा वेग शिकवायला मला हे ल्युमिनॉलपेक्षा सरस वाटतं. फक्त कांडी कापू देऊ नका, आत काचेची कुपी असते.

जांबोटी-कणकुंबीच्या रानाकडची मुलं काजव्यांचं विचारतील. तिथेही ऑक्सिजन लागतो, पण ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम), मोरचूद नाही.

उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा विहिरीकडे नको, तांबं माशांना घातक. बाटलीत भरून चिठ्ठी लावा, आणि जवळच्या कॉलेजच्या रसायन विभागाला विचारून तिथे द्या.