वाचक विचारतात: संध्याकाळीच गुणगुण का?

प्रश्न: 100 वॅटच्या एचएफ (शॉर्टवेव्ह) हॅम रेडिओ सेटसाठी 13.8 व्होल्ट, 20 अँपिअरचा लिनिअर पॉवर सप्लाय बांधला आहे. ट्रान्सफॉर्मरची 18 व्होल्टची सेकंडरी (आउटपुटची गुंडाळी), 22,000 मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, व्होल्टेज स्थिर ठेवणारा 723 आयसी, चार टू-एन-3055 पॉवर ट्रान्झिस्टर. सकाळी आवाज स्वच्छ जातो. संध्याकाळी लाइन 190 व्होल्टवर उतरली की समोरचे म्हणतात, गुणगुण येतेय. मीटर मात्र 13.6 दाखवतो.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: मीटर सरासरी दाखवतो, म्हणून फसायला होतं. 190 व्होल्टला कपॅसिटरवरचं शिखर जेमतेम 19 व्होल्ट. 20 अँपिअर ओढले की 44,000 मायक्रोफॅरडवर सुमारे साडेचार व्होल्टचा रिपल (चढउतार) पडतो, म्हणजे तळ 14.5. ट्रान्झिस्टर, एमिटर रेझिस्टर धरून निदान 16 व्होल्ट लागतात. सेकंदाला शंभर वेळा रेग्युलेशन सुटतं, म्हणजे आउटपुट स्थिर राहत नाही, तीच तुमची गुणगुण. बोलताना आउटपुटवर मीटर एसी रेंजला लावा, लगेच कळेल.

आणखी दोन 22,000चे कपॅसिटर समांतर जोडा, 50 व्होल्टचेच. रिपल सव्वादोनवर येतो. पण 723ला स्वतःच्या आउटपुटपेक्षा 3 व्होल्ट जास्त हवेत, ते तरीही पुरणार नाहीत. त्याला 18 व्होल्ट, 500 मिलिअँपिअरचा छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि 1000 मायक्रोफॅरड वेगळे द्या, निगेटिव्ह सामाईक. सेकंडरीचे व्होल्ट वाढवायच्या फंदात पडू नका: आत्ताच 230 व्होल्टला पूर्ण लोडवर सुमारे 170 वॅट उष्णता होते. पंखा हवाच.

क्रोबारचा (व्होल्टेज वाढलं की आउटपुट शॉर्ट करून फ्यूज उडवणाऱ्या सर्किटचा) तुम्ही उल्लेखच केला नाहीत, त्याची खरी काळजी वाटते. एक टू-एन-3055 शॉर्ट झाला की 23 व्होल्ट थेट सेटमध्ये जातात. आउटपुटवर 40 अँपिअरचा एससीआर (गेटला इशारा मिळाला की चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), गेटला 15 व्होल्टचा झेनर डायोड, गेट-कॅथोडमध्ये 100 ओहम आणि कपॅसिटरनंतर 25 अँपिअरचा फ्यूज. हे बसेपर्यंत सेट जोडू नका. कपॅसिटरवर 470 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर कायमचा ठेवा. बंद केल्यावर तीन मिनिटं थांबून, मीटरने बघूनच आत हात घाला.

प्रश्न: एलईडी पट्ट्यांचा 12 व्होल्ट, 30 अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) रेडिओ सेटला चालेल का?
— एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर: चालतो. बाजूचा 110/220चा स्विच आधी 220वर आहे ना बघा, 110वर राहिला तर लावताक्षणी उडतो. मग एडीजे (व्होल्टेज जुळवायच्या) स्क्रूने 13.8 व्होल्ट करा. विकत घेण्याआधी रेडिओ बॅटरीवर लावून, शेजारी हा लोडसह चालू करून 7 मेगाहर्ट्‌झ ऐका. खरखर थोडी असेल तर मेन्सच्या तारा एका फेराइट रिंगवर, डीसीच्या दुसऱ्या रिंगवर, जोडीने आठ-दहा वेढे घ्या. फार असेल तर दुसरा नग मागा.