न संपणारा जिना

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. पहाटे साडेतीनला लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. वेळ वर लिहिली नसतीस तरी अक्षरावरून कळली असती. चार महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा तोच जिना, तेच खालून चढत येणारं पाणी, आणि तू घामाघूम होऊन उठतोस. आता झोपायचीच धास्ती वाटते म्हणून मुद्दाम जागत बसतोस. आणि पत्राच्या शेवटी गुन्हा कबूल करावा तसं विचारलं आहेस, "बाई, मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. मग माझ्या मनात असं काय भरलंय?"

आधी त्या म्हणीचंच बोलू. ओढीच्या, हौसेच्या स्वप्नांना ती शोभते. पण वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांना लावली की ती आरोप होते, आणि आरोप झाला की माणूस बोलायचा थांबतो. मला त्या म्हणीचा राग आहे तो एवढ्यासाठीच. तुझ्या मनात पाप नाही, तू भित्रा नाहीस आणि हे स्वप्न पुढच्या संकटाची चाहूलही नाही. हा झोपेचा विकार आहे. वैद्यकशास्त्रात त्याची तशी नोंद आहे, आणि प्रौढांपैकी सुमारे ४ टक्के लोकांना तो असतो.

वाईट स्वप्न कुणाला पडत नाही? पण ते पुन्हापुन्हा पडतं, जाग येताच बारीकसारीक तपशिलासह आठवतं, त्यात बहुतेक वेळा जिवावरच बेतलेलं असतं आणि त्यापायी पुढचा दिवस नासतो, तेव्हा त्याला विकार म्हणतात. तुझं लक्ष वर्गात लागत नाही, संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, हे त्यातलंच.

हे पहाटेच का घडतं, तेही तू विचारलं आहेस. झोप सुमारे दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. प्रत्येक फेरीत एक टप्पा असा असतो की पापण्यांखाली डोळे झरझर फिरतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तो प्रथम नोंदवला. त्यालाच रेम झोप म्हणतात. या टप्प्यात मेंदूतलं भीतीचं केंद्र चांगलंच जागं असतं, आणि 'अरे, हे खरं नाही' असं समजावणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबत जातो, म्हणून भयस्वप्नं बहुधा उत्तररात्रीची. लहान मुलं रात्रीच्या सुरुवातीला किंचाळत उठतात आणि सकाळी त्यांना काहीच आठवत नसतं, तो प्रकार वेगळा. तो गाढ झोपेतला. झोपेत तू लाथा-बुक्क्या मारत असशील, तर तेही वेगळं आणि डॉक्टरांना आवर्जून सांगण्यासारखं.

आता तुझं जागरण. ते उलटं काम करतंय. झोप तोडली की मेंदू रेमची थकबाकी पुढच्या रात्री वसूल करतो, आणि स्वप्नं आणखी गडद होतात. दारूचंही तसंच. आधी ती रेम दाबते आणि पहाटे तीच रेम दुप्पट जोराने उसळते. आणखी एक. अर्धशिशीसाठी नवी गोळी सुरू झाल्याचं तू ओझरतं लिहिलं आहेस. ती बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणाऱ्या औषधांच्या गटातली असेल, तर त्या गोळ्यांनी भयस्वप्नं पडू शकतात. मनानेच बंद करू नकोस. ज्यांनी दिली त्यांना विचार.

मी हे सगळं इतक्या ठामपणे लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे. एका अपघातानंतर दोन वर्षं मी उतारावरून सुसाट जाणाऱ्या गाडीत असे, आणि ब्रेक लागत नसत. घरात कुणाला सांगितलं नाही. ती दोन वर्षं वाया गेली याचं वाईट वाटतं, कारण जो उपाय शेवटी लागू पडला तो फार साधा होता. त्याला इमेजरी रिहर्सल थेरपी म्हणतात. दिवसाढवळ्या, शांत असताना, स्वप्न कागदावर उतरवायचं. मग ते कुठेही, कसंही, आपल्याला हवं तसं बदलायचं. जुनं स्वप्न घोकायचं नाही. नवं तेवढं रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात पाहायचं, आठवडेच्या आठवडे. माझा उतार मी सपाट केला. पुढे गुडघाभर गवत वाढवलं, आणि गाडी त्यात हळूहळू रुतून थांबली. तर्काला धरून आहे का, हे कुणी विचारत नाही. बदल तुझा असला की झालं.

हा उपाय नुसता धीर देण्यापुरता नाही. अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर बॅरी क्राकोव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर त्याचा अभ्यास केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांची भयस्वप्नं कमी झाली, झोप सुधारली. २०२२ मध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी ३६ जणांवर एक सुंदर प्रयोग केला. निम्म्यांना नवं स्वप्न मनात आणताना पियानोचा एक स्वरमेळ ऐकवला, आणि मग रात्री रेम झोपेत तोच सर्वांना. ज्यांनी स्वप्नाशी तो जोडला होता, त्यांची भयस्वप्नं अधिक घटली. औषधंही आहेत, पण त्यांचा पुरावा मिश्र आहे. प्राझोसिन या गोळीबद्दल आशा होती, पण २०१८ मध्ये माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ती, आत औषधच नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीहून सरस ठरली नाही.

पहिल्यांदा लिहिताना सर्वांत भयंकर स्वप्न घेऊ नकोस, एखादं सौम्य घे. आणि त्यामागे खरोखर घडलेला एखादा आघात असेल, तर हे एकट्याने करू नकोस, मानसोपचारतज्ज्ञ सोबत हवेत.

एक गोष्ट स्पष्ट विचारते, राग मानू नकोस. भयस्वप्नांचा आणि जीव नकोसा वाटण्याचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसला आहे. तसा विचार कधी चाटून गेला, तर सकाळची वाट पाहू नकोस. कुणालाही उठव. मलाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत एवढंच टिपून ठेव: झोपलास कधी, दचकलास कधी, कोणती गोळी घेतलीस. घोरतोस का, तेही घरच्यांना विचार, कारण झोपेत श्वास अडकत असेल तरी अशी स्वप्नं पडतात आणि त्यावर वेगळा इलाज असतो.

जिन्यावरचं पाणी ओसरवतोस, की पायऱ्यांच्या शेवटी दार काढतोस, की पोहायलाच लागतोस, ते तू ठरव. लिहून झालं की मला वाचून दाखव. मी ऐकायला बसेन.

तुझ्या
बाई